डायबॉलिकलला मराठीत नक्की काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की डायबॉलिकल या इंग्रजी शब्दाला डिक्शनरीत सैतानी, राक्षसी, पैशाचिक, महादुष्ट असे चार-पाच अर्थ एका ओळीत दिलेले असतात, मग इव्हिल, क्रुएल, ब्रूटल असे शब्द असताना हा वेगळा कशाला लागतो, आणि वाक्यात नेमका कुठे बसतो. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो, त्यातली बरीच कोर्टाच्या कागदपत्रांची असतात आणि तिथे हा शब्द सारखा भेटतो, म्हणून जरा लांबण लावून लिहितोय. घाई असेल त्यांनी पुढचा एक पॅरा वाचून सोडून दिलं तरी चालेल.

डायबॉलिकल म्हणजे डोकं चालवून केलेला दुष्टपणा. रागाच्या भरात कुणी कुणाच्या डोक्यात दगड घातला तर ते भयंकर आहे, ब्रूटल आहे, पण डायबॉलिकल म्हणायला जीभ वळत नाही. तेच कुणी महिनाभर गोड बोलून, विश्वास संपादन करून, विमा काढून, जागा बघून ठेवून मग काटा काढला तर तिथे हा शब्द फिट बसतो. म्हणून इंग्रजीत त्याच्यापुढे बहुतेक वेळा प्लॉट, स्कीम, प्लॅन, कनिंग, जीनियस असले शब्द येतात. डायबॉलिकल जीनियस म्हणतात, ब्रूटल जीनियस सहसा कोणी म्हणत नाही. क्रुएल्टी आणि क्राइम यांच्यापुढेही तो लागतो, नाही असं नाही, पण तेव्हासुद्धा आतून एक थंडपणा सुचवलेला असतो, की करणाऱ्याला आपण काय करतोय ते पूर्ण कळत होतं.

आता महाभारतावरून बघा म्हणजे पटकन लक्षात येईल. बकासुर गाडाभर अन्न आणि वर माणूस खायचा, ते राक्षसी, शब्दशः राक्षसी. दुःशासनाने द्रौपदीला केसाला धरून सभेत ओढत आणलं, ते निर्लज्ज आहे, पाशवी आहे. पण वारणावतात पुरोचनाकडून लाखेचा वाडा बांधून घ्यायचा, पांडवांना मानाने तिथे राहायला पाठवायचं, त्यांची बडदास्त ठेवायची आणि मग एका रात्री काडी लावायची असा बेत, हा डायबॉलिकल. शकुनीचे फासेही त्यातच. शकुनीने स्वतः कुणाच्या अंगाला हात लावला नाही, तरी आपण गावातल्या कारस्थानी माणसाला शकुनीमामा म्हणतो, बकासुर म्हणत नाही (बकासुर म्हणतो तो जेवणाच्या पंगतीत). मराठी माणसाला हा फरक व्यवस्थित कळतो, फक्त डिक्शनरीवाल्यांनी सगळं एकाच पिशवीत कोंबल्यामुळे घोळ होतो.

शब्द आला कुठून ते सांगतो, कारण अर्थाची किल्ली तिथेच आहे. ग्रीकमध्ये डिया म्हणजे आरपार, आडवं, आणि बॅलाइन म्हणजे फेकणं. दोन्ही मिळून झालं डियाबॅलाइन, म्हणजे आडवं फेकणं, आणि त्यावरून दुसऱ्याबद्दल खोटंनाटं बोलणं, बदनामी करणं, चहाडी करणं. असं करणारा तो डियाबोलोस. आपण म्हणतो ना, त्याने मधे काडी टाकली आणि दोन भावांत भांडण लागलं, फेकण्यावरून कळ लावण्याकडे जाणारा अर्थ आपल्याकडेही असाच चालतो. याच बॅलाइनपासून सिम्बॉल, प्रॉब्लेम, पॅराबोला, मेटाबॉलिझम असे शब्द आलेत, म्हणजे सायन्सच्या पोरांना हे कुटुंब आधीपासून ओळखीचं आहे.

मग हा चहाडखोर सैतान कसा झाला? ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढे होत गेलं. हिब्रूत सातान म्हणजे विरोधक, आरोप करणारा. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत तो देवाच्या दरबारात उभा राहून चक्क सरकारी वकिलासारखा बोलतो, की हा ईयोब तुझी भक्ती करतो ते फुकट करत नाही, त्याचं सगळं काढून घे मग बघ. या सातानला ग्रीकमध्ये प्रतिशब्द हवा होता तो डियाबोलोस ठेवला. तिथून लॅटिनमध्ये डायाबोलुस, त्याचं विशेषण डायाबोलिकुस, मग फ्रेंच, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत डायबॉलिक. पुढे त्याला शेपूट लागून डायबॉलिकल झालं आणि आज तेच जास्त चालतं, नुसतं डायबॉलिक आता जरा पुस्तकी वाटतं. गंमत म्हणजे बायबलच्या नव्या करारात पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात बायकांनी कसं वागावं ते सांगताना हाच ग्रीक शब्द अनेकवचनात साध्या अर्थाने येतो, आणि तिथे मराठीत चहाडखोर असंच भाषांतर करावं लागतं, सैतान करून चालतच नाही. उलट प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात मराठी बायबलने दियाबल आणि सैतान असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेत. म्हणजे डायबॉलिकलचा चुलतभाऊ दियाबल मराठीत कधीच येऊन राहिलाय, फक्त चर्चच्या बाहेर फारसा पडला नाही.

इथे दोन गैरसमज उरकून घेतो कारण व्हॉट्सॲपवर ते कायम फिरत असतात. एक, डेव्हिलमधून डी काढला की इव्हिल उरतं म्हणून दोन्ही शब्द एकच. नाही. डेव्हिल हा याच डियाबोलोसचा झिजलेला अवतार आहे, इव्हिल हा मूळचाच जर्मॅनिक घराण्यातला शब्द, दोघांचा काही संबंध नाही, स्पेलिंग जुळलं हा योगायोग. दुसरा, डेव्हिल हा आपल्या देव शब्दावरून आला. तोही नाही. मात्र जुन्या इराणी भाषेतला दएव हा खरोखर आपल्या देवाचा सख्खा भाऊ आहे आणि तिकडे त्याचा अर्थ दुष्ट शक्ती असा झाला. त्यामुळे देव आणि दानव यांची अदलाबदल झालेली बघायची असेल तर इराणकडे बघा, इंग्लंडकडे नको.

आता कोर्टाकडे येतो, कारण भारतात हा शब्द वजनाने जर कुठे वापरला जात असेल तर तो तिथे. 1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची शिक्षा घटनेत बसते असं ठरवलं, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यावी अशी अट घातली. मग दुर्मिळातलं दुर्मिळ म्हणजे काय हे 1983 मध्ये मच्छी सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात उलगडून सांगितलं. पंजाबमधल्या कौटुंबिक वैरातून ओळीने झालेल्या हल्ल्यांत 17 माणसं मारली गेली होती, तो खटला. निकालात पाच कसोट्या दिल्यात आणि त्यातली पहिलीच खून कसा केला याबद्दलची आहे, तिथे विशेषणांची माळ येते: अत्यंत ब्रूटल, ग्रोटेस्क, डायबॉलिकल, रिव्होल्टिंग किंवा डॅस्टर्डली पद्धतीने. तेव्हापासून खालच्या कोर्टापासून वरपर्यंत फाशीबद्दलच्या युक्तिवादात ही माळ परत परत ओढली जाते.

भाषांतर करणाऱ्याची इथे खरी परीक्षा असते. कारण पाच विशेषणं ओळीने आली की आळशी माणूस क्रूर, निर्घृण, अमानुष, पाशवी, राक्षसी अशी पाच मराठी विशेषणं उचलून टाकतो, आणि वाचताना भारी पण वाटतं, पण पाचही एकच गोष्ट सांगतात. इंग्रजीत ती पाच वेगळी आहेत. ब्रूटल म्हणजे निर्दय, जनावरासारखं. ग्रोटेस्क म्हणजे बीभत्स, विद्रूप, बघवत नाही असं. रिव्होल्टिंग म्हणजे किळस आणणारं. डॅस्टर्डली हा सगळ्यात फसवा, त्यात भ्याडपणा आहे, निःशस्त्र किंवा बेसावध माणसावर घाला घालणं, आपल्या पेपरांतला भ्याड हल्ला हा शब्द त्याला बरोबर लागतो. आणि डायबॉलिकल म्हणजे कपट आणि क्रौर्य एकत्र. मी तिथे कपटी क्रौर्याने असं करतो, कधी आसुरी कपटाने. एका शब्दाला दोन शब्द जातात, जाऊ देत, ज्या वाक्यावर माणसाचा जीव टांगलाय तिथे एक शब्द वाचवून काय मिळवायचंय.

याच निकालात पहिल्या कसोटीची उदाहरणं दिलीत. घराला आग लावून आत माणसाला जिवंत जाळायचा हेतू असणं, मरेपर्यंत अमानुष छळ करणं, आणि प्रेताचे तुकडे करणं. या तिसऱ्या उदाहरणात शब्द डायबॉलिकल नाही, फीन्डिश आहे. फीन्ड हा जुन्या इंग्रजीत साधा शत्रू होता, मग माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणून सैतान झाला. म्हणजे बघा, एक शब्द चहाडखोरापासून सैतानापर्यंत पोचला, एक शत्रूपासून पोचला, आणि सॅटॅनिक आरोप करणाऱ्यापासून, तिघांची वाट वेगळी आणि मुक्काम एकच. पण फीन्डिशमध्ये विकृत आनंदाची छटा आहे, पैशाचिक हा शब्द मी त्याच्यासाठी राखून ठेवलाय. अर्थात या सगळ्या विशेषणांवरच पुढे टीका झाली, सुप्रीम कोर्टाने स्वतःच 2008 च्या स्वामी श्रद्धानंद निकालात म्हटलं की मच्छी सिंगने बच्चन सिंगची चौकट बरीच रुंद करून टाकली. 2009 चा संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकालही वाचण्यासारखा आहे, नुसता गुन्हा कसा केला एवढंच बघू नका, गुन्हेगाराकडेही बघा, असा त्याचा सूर आहे. कायद्याचं शिकणाऱ्यांनी हे तीन-चार निकाल मुळातून वाचा, विशेषणांवर किती ओझं टाकता येतं आणि किती नाही ते समजेल.

आता मराठी शब्द एकेक करून.

राक्षसी हा डायबॉलिकलला बहुतेक वेळा चुकीचा. मराठीत राक्षसी म्हणजे आकाराने प्रचंड, राक्षसी बहुमत, राक्षसी भूक, राक्षसी महत्त्वाकांक्षा. त्यात दुष्टपणा असेलच असं नाही, कपट तर नाहीच. सैतानी चालतो, पण एक अडचण आहे. हिंदीत शैतानी म्हणजे मुलांचा खोडकरपणा, आणि हिंदी सिरियल-सिनेमा बघून मराठीतही ती छटा शिरलीय, त्यामुळे सैतानी बेत म्हटलं की ठीक लागतं पण नुसतं काय सैतान आहे हा असं म्हटलं तर शेजारच्या बंड्याबद्दल बोलताय की खुन्याबद्दल ते संदर्भावरून ठरवावं लागतं. इंग्रजीत खोडकर पोराला लिटल डेव्हिल म्हणतात, डायबॉलिकल चाइल्ड म्हणालात तर आई रागावेल. आपल्याकडे त्याच्यासाठी व्रात्य, द्वाड, खट्याळ असे मस्त शब्द पडलेत.

अघोरी हा मराठीत स्वतःचं वेगळं वजन असलेला शब्द. अंगावर काटा आणणारे उपाय, करणी, नरबळी, असल्या गोष्टी त्यात येतात. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्याच्या लांबलचक नावात नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा असे शब्द आहेत, आणि इंग्रजी नावात अमानुषला इनह्यूमन, अनिष्टला इव्हिल केलंय पण अघोरी तसाच ठेवलाय, अघोरी प्रॅक्टिसेस. ज्याने कुणी ते केलं त्याने तिथे डायबॉलिकल घातला नाही हे मला फार बरोबर वाटतं. अघोरीत कपट नसतं, भीषणता असते. आणि मराठी नावातही प्रथेला दुष्ट न म्हणता अनिष्ट म्हटलंय, कारण प्रथेला दुष्टपणा चिकटत नाही, माणसाला चिकटतो.

आसुरी हा माझा आवडता. आसुरी आनंद हा मराठीत मुरलेला जोडशब्द आहे, दुसऱ्याची तडफड बघून होणारा आनंद, आणि डायबॉलिकल लाफ्टर किंवा डायबॉलिकल डिलाइट जिथे येतं तिथे मी डोळे मिटून तो घेतो. त्याला आधारही आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती सांगितलीय ती दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, पारुष्य आणि अज्ञान अशी. यातलं एकही दात-नखं-शिंगं नाही, सगळे मनाचे आणि वागण्याचे दोष आहेत, आणि यादीची सुरुवातच दंभाने, म्हणजे ढोंगाने होते. तरी प्लॉट किंवा स्कीम असेल तिथे नुसतं आसुरी पुरत नाही, तिथे कारस्थान, कपट, डाव यापैकी काहीतरी जोडावं लागतं. पाताळयंत्री हा शब्दही विसरू नका. पाताळयंत्री माणूस म्हटलं की जमिनीखाली खोल कुठेतरी चक्रं फिरवणारा डोळ्यासमोर येतो, आणि डायबॉलिकल माइंडला याच्याइतका चपखल शब्द मला तरी सापडलेला नाही. फक्त त्यात रक्त नाही, म्हणजे राजकारणातल्या, ऑफिसातल्या डावपेचांना तो लागतो, खुनाला एकटा कमी पडतो.

गोव्यात आणि तळकोकणात अजून एक मजा आहे. तिथे देवचार हा गावाची राखण करणारा, रात्री वेशीवरून फिरणारा म्हणून मानतात, त्याला नारळ-विडी ठेवतात. आणि गोव्यातल्याच ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे थेट डेव्हिल. एकाच गावात एका घरी राखणदार आणि शेजारच्या घरी सैतान. म्हणून गोव्याच्या पार्श्वभूमीवरचं काही भाषांतर करत असाल तर पात्र कोण बोलतंय ते बघितल्याशिवाय हा शब्द वापरू नका.

आता ब्रिटिश लोकांचा प्रकार. तिथे बोलण्यात डायबॉलिकल म्हणजे नुसतं भिकार, अगदी टुकार. ट्रेन सर्व्हिस डायबॉलिकल आहे, हवा डायबॉलिकल आहे, बचाव फळी डायबॉलिकल खेळली. फुटबॉलची कॉमेंट्री ऐकणाऱ्यांना हे माहीत असेलच. डायबॉलिकल लिबर्टी असाही प्रयोग आहे, म्हणजे अतीच आगाऊपणा, एवढी हिंमत कशी झाली याची, या अर्थाने. यात सैतान बितान काही नाही, कपटही नाही, त्यामुळे वरचा माझा नियम इथे लागू होत नाही. ब्रिटिश माणसाच्या ईमेलमध्ये कॉफी डायबॉलिकल होती असं आलं तर त्यात विष होतं असं समजू नका. अमेरिकन लोक असं फारसं बोलत नाहीत. तिसरा उपयोग कोड्यांचा, डायबॉलिकली डिफिकल्ट म्हणजे घाम फोडणारं अवघड. 2004 पासून लंडनच्या पेपरांत सुडोकूचं वेड आलं तेव्हा टाइम्सने आपल्या अवघड कोड्यांना फीन्डिश म्हटलं आणि टेलिग्राफने डायबॉलिकल. इथे आपलं डोक्याला ताप किंवा महाकठीण पुरे. अमेरिकेच्या नैऋत्य भागात एक भुंगा आहे, त्याचं इंग्रजी नावच डायबॉलिकल आयर्नक्लॅड बीटल, अंगावरून मोटार गेली तरी मरत नाही, पण बिचारा कुणाचं काही वाईट करत नाही, झाडावरची बुरशी खाऊन राहतो.

लिहिताना काय काळजी घ्यायची तेही सांगतो कारण प्रश्नात ते होतं. हा जड शब्द आहे. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात भ्रष्टाचार, प्रदूषण, बेरोजगारी सगळ्यालाच डायबॉलिकल लावलेलं मी वाचलंय, प्रदूषणाला कुठलं डोकं असतं हो? दुष्काळ, महापूर, आजार यांना डिव्हास्टेटिंग म्हणा, टेरिबल म्हणा. ज्याच्यामागे करणारा आणि त्याचा बेत दाखवता येतो तिथेच डायबॉलिकल लिहा. पोलिसातली तक्रार किंवा सोसायटीचं पत्र इंग्रजीत लिहिताना तर हा शब्द टाळाच, समोरच्याने काय केलं, कोणत्या तारखेला केलं ते लिहा, विशेषण लावायचं काम जज्जवर सोडा. सॅटॅनिकच्या बाबतीत अजून सावध राहा, त्यात धर्म येतो, सैतानाची पूजा वगैरे सूचित होतं. डिमॉनिक म्हणजे झपाटलेलं, अंगात आल्यासारखं, तिथे माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो, म्हणजे डायबॉलिकलच्या जवळजवळ उलट. इन्फर्नल हा नरकावरून आला पण आता जुन्या वळणाची माणसं वैतागून म्हणतात तेवढाच उरलाय, त्या मेल्या आवाजाने झोप नाही लागली यातला मेला.

आणि उच्चार. डायबॉलिकलमध्ये जोर बॉ वर द्यायचा, डाय वर नाही, डाय-अ-बॉ-लि-कल. मधला अ अगदी हलका, पण तो गिळून डायबॉलिकल असं सलग म्हटलं तरी आपल्याकडे कोणी अडवत नाही. अमेरिकेत बॉ चा बा होतो. क्रियाविशेषण डायबॉलिकली करताना पाच तुकडेच राहतात, कल मधला क आणि ली जोडून क्ली होतो, डाय-अ-बॉ-लि-क्ली, तिथे कॅली असा वेगळा तुकडा काढायची गरज नाही.